गवतातलं गर्द कडं

फोन आला तेव्हा मी समता कॉलनीतल्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला बाकावर बसले होते. पलीकडे गभणेभाऊंचा मुलगा नितीन होता. घरात मराठी ऐकत वाढला, पण उत्तर कायम हिंदीत देणारा. "आंटी, बाबा नहीं रहे. सुबह चाय पी, कुर्सी पे बैठे थे... बस." मी त्याला काय म्हणाले ते आठवत नाही. उठले आणि चालतच चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घराकडे निघाले. वाटेत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चार दिवसांपूर्वी भाऊंनी फोन करून विचारलं होतं, "मंदाताई, पाऊस थांबल्यावर तुमच्या अंगणातली फरशी किती वेळात सुकते हो? घड्याळ लावून सांगा बरं मले." मी हसून म्हटलं, उद्या बघते. ते मी बघितलंच नाही. ऐंशीच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या अंगणातली फरशी किती वेळात सुकते हे काहून विचारून राहिला, हेही मी विचारलं नाही.

मधुकर गभणे हे गोंदियाकडचे. सरकारी उद्यान विभागात पर्यवेक्षक. छत्तीसगड राज्य नवीन झालं तेव्हा आम्ही बरेच जण भोपाळहून रायपूरला वाटून दिले गेलो, त्यात तेही होते आणि आस्थापना शाखेत टंकलेखन करणारी मीही. कार्यालयाला एक जुनी इमारत मिळाली होती. फायली पोत्यांत, पोती व्हरांड्यात आणि आम्ही पोत्यांवर. त्या धांदलीत एक ठेंगणा, सावळा माणूस समोरच्या मोकळ्या जागेत पालथा पडून हनुवटी मातीला टेकवून काहीतरी बघतोय, असं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं याला भोवळ आली. पाणी घेऊन धावले. ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "थांबा ताई, मुंगी कोणत्या बाजूनं जाऊन राहिली ते पायतो. जिकडं ओल, तिकडं जाते." मग उठून कपडे झटकत मराठीत बोलणारी बाई भेटली म्हणून खूश झाले आणि माझ्या हातातलं पाणी पिऊन टाकलं. आमची ओळख ती अशी झाली, आणि पुढं त्यांच्या घरी वहिनींच्या हातची वडाभाताची रविवारची जेवणं सुरू झाली.

त्या मोकळ्या जागेवर हिरवळ करायची होती. नवीन राजधानी, नवीन कार्यालय, पाहुणे येणार, त्यांना समोर हिरवंगार दिसायला हवं. अडचण एकच होती. मधोमध एक जुना देशी आंबा उभा होता, आणि दाट सावलीत दूब, म्हणजे हिरवळीची हरळी, धरत नाही. साहेबांनी झाड काढायला सांगितलं, तेही मुळासकट. भाऊंना ते आवडलं नव्हतं, पण हुकूम तो हुकूम. झाड पाडलं. मग त्यांनी हिरवळ लावायची जी रीत धरली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. दुबीच्या काड्या बोटाबोटाच्या तुकड्यांत कापायच्या, माती आणि शेण कालवून घट्टसर चिखल करायचा, त्यात ते तुकडे मिसळायचे, आणि भिंतीला गिलावा करतात तसा तो लेप जमिनीवर थापायचा. वर पेंढा अंथरायचा, रोज पाणी शिंपडायचं. आठ दिवस नुसतं शेणाचं अंगण दिसत होतं. बाबू लोक नाकाला रुमाल लावून आत जायचे. पंधराव्या दिवशी पेंढा उचलला तर खालून बारीक पोपटी लव वर आलेली... भाऊ ती लव माणसांना बोलावून बोलावून दाखवत होते, जसं घरी बाळ झालंय.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या हिरवळीवर एक कडं उमटलं. मधलं गवत फिकट आणि त्याभोवती ताटाएवढी, बरोबर गोल, गर्द हिरवी रेघ. जणू कुणी तेवढ्याच पट्ट्यात खत टाकलंय. पाऊस संपेपर्यंत ते परातीएवढं झालं. भाऊंना खाणंपिणं सुचेना. रोज सकाळी आले की सुतळीनं मोजायचे आणि गाठ मारून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "वाढून राहिलं ताई. पण गोलच काहून? कीड असती तर कशीही पसरली असती." पुस्तकं पाहिली, नर्सरीतल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं कुत्रं मुततं, कुणी म्हणालं पाण्याचा पाईप फुटलाय. भाऊंनी एक रविवार त्या जागेवर बसून काढला, कुत्रं येतं का पाहायला. आलं नाही.

त्या हिवाळ्यात ते मुलीकडे विशाखापट्टणमला गेले. समुद्रापेक्षा तिथल्या बागाच त्यांनी जास्त पाहिल्या. परत आल्यावर आठवडाभर तेच. तिथं हवा कायम दमट, गवताची पात रात्रभर ओली राहते, म्हणून तिथले माळी संध्याकाळी पाणी देतच नाहीत, पहाटे देतात. कापताना गवत जरा उंचच ठेवतात. पात्याला धार नसेल तर कापतच नाहीत, कारण फाटलेल्या टोकातून रोग शिरतो. "आपण पण पावसाचे चार महिने समुद्राकाठीच राह्यतो ताई, फक्त समुद्र दिसत नाही," असं म्हणून त्यांनी आमच्या माळ्यांचं संध्याकाळचं पाणी बंद केलं. आणि तिथल्या एका बागेत त्यांना तसंच कडं दिसलं होतं. माळी म्हातारा, तेलुगूशिवाय काही बोलेना. भाऊंनी खुणेनं विचारलं, हे काय? म्हाताऱ्यानं शेजारच्या झाडाच्या खोडावर थाप मारली, मग बोट खाली जमिनीत दाखवलं आणि हसला. हे सांगताना भाऊही हसले, पण अर्धवट. "मग कळलं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "थोडंसं," आणि विषय बदलला. ते असं कधी करत नसत.

पुढच्या पावसाळ्यात कडं बैलगाडीच्या चाकाएवढं झालं आणि एका सकाळी त्यावर अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. ओळीनं, गोल. त्या वर्तुळाच्या मधोमध बसून तण काढायची ती बिसाहिन. चाळिशीतली, एकटी राहणारी, कमी बोलणारी, रोजंदारीवर पाणी देणारी आणि खुरपणारी बाई. नेमका त्याच आठवड्यात एका माळ्याचा नातू तापानं फणफणला होता. कुणी दोहोंची सांगड घातली कोण जाणे, पण दुपारपर्यंत शब्द फिरला होता... टोनही. छत्तीसगडात हा शब्द चेटकीण या अर्थानं वापरतात, आणि तो एकदा बाईला चिकटला की तिला गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो. सगळ्यांसाठी ती रोज भरून ठेवायची त्या मडक्यातलं पाणी कुणी पिईना. डबे घेऊन बाया लांब बसायला लागल्या. बिसाहिन मला जिन्याखाली भेटली आणि एवढंच म्हणाली, "मैं कुछु नई करे हंव दीदी." मी शिकलेली, दफ्तरात बसणारी बाई. मी तिला म्हटलं, लोकांकडे लक्ष देऊ नकोस. पण त्या दिवशी तहान लागली तेव्हा मी तिच्या मडक्याकडे गेले नाही, आतल्या नळावर गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बिसाहिन कामावर आली नाही. तिच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीतही, बातमी पोचली होती म्हणे. भाऊ माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, हिरवळ केली तेव्हाची फाईल काढता का?" मी काढून दिली. त्यांनी उभ्या उभ्या एक पान उघडलं. माझंच टंकन, खाली त्यांची सही. 'आंब्याचे झाड मुळासकट काढण्यात आले.' त्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे खोटं आहे. बुंधा निघतच नव्हता, अन् पाहुणे यायचे होते. म्या हातभर खाली तोडला अन् वरून माती लोटून देली. ते कडं त्याचंच आहे. समुद्राकाठच्या त्या म्हाताऱ्यानं सांगितलं तेव्हाच समजलं होतं मले. सात महिने गप बसलो." मी म्हटलं, "मग आता?" ते म्हणाले, "आता खणतो." मी घाबरून म्हटलं, झेंडावंदनाला तीन दिवस आहेत, साहेब काय म्हणतील? त्यांनी फाईल माझ्या हातात दिली. "ते साहेब म्हणतील ना. तिले लोक काय म्हणून राहिले ते ऐकलं का तुम्ही?"

मी ऐकलं होतं.

त्यांनी आधी सायकल काढली, बिसाहिनच्या घरी गेले आणि तिला बरोबर घेऊन आले. ती मागच्या कॅरिअरवर नाही बसली, सायकलीच्या बाजूनं चालत आली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. मग भाऊंनी सगळ्या माळ्यांना आणि बायांना गोळा केलं, कुदळ उचलली आणि चार वर्षं जिवापाड जपलेल्या हिरवळीच्या मधोमध घाव घातला. आम्ही सगळे खिडक्यांतून पाहत होतो. गवताचे हिरवे तुकडे बाजूला पडत गेले, खाली तांबूस माती निघाली. साहेब बाहेर आले. "गभणे, पागल हो गए क्या? परसों-नरसों झंडा है!" भाऊ खणत खणतच म्हणाले, "साहब, घास पंद्रह दिन में फिर आ जाएगी. इस बाई को रोज काम पे आना है." साहेब काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात कुदळ लाकडाला लागल्याचा दबका आवाज आला.

बुंधा काळा पडला होता, भाकरीसारखा हातानं मोडत होता. त्यात आणि भोवतालच्या मातीत पांढरे, कापसासारखे धागे पसरले होते. भाऊंनी ते लाकूड ओंजळीत घेऊन एकेकाच्या नाकाशी नेलं. "सूंघो. जंगल में फुटू निकलता है ना, वही बास है. सड़ी लकड़ी को खाता है, गोल-गोल फैलता है, ऊपर घास को खाद मिलता है. इसमें जादू नहीं है." मग थांबले. घाम पुसला. "ये ठूंठ मैंने गाड़ा था. कागज पे झूठ लिखा. गलती मेरी है, नाम इसका काहे को लेते हो?" बिसाहिन खड्ड्याच्या काठावर बसून त्या लाकडाकडे टक लावून पाहत होती. तिनं हात घालून एक तुकडा उचलला, वास घेतला आणि म्हणाली, "हव, फुटू च आय." फुटू म्हणजे अळंबी. भाऊ तिच्या मडक्यापाशी गेले आणि दोन गडवे पाणी प्यायले. त्यांच्या मागून एक म्हातारी माळीण गेली. मग मी जिना उतरून खाली गेले. त्या पाण्याची चव मला अजून आठवते... मातीची, आणि माझ्या लाजेची.

ज्या माळ्याचा नातू आजारी होता तो मात्र शेवटपर्यंत त्या मडक्याला शिवला नाही, पोरगं बरं होऊनही. पण शब्द विझला. बिसाहिन पुढं निवृत्तीच्या वयापर्यंत तिथंच राहिली. भाऊंना कारणे दाखवा नोटीस मिळाली, खोटा अहवाल दिल्याबद्दल. ती टाईप करायचं माझ्याच नशिबी आलं. माझी बोटं चालेनात तेव्हा तेच शेजारी उभे राहून म्हणाले, "करा ना ताई, खरंच आहे ते." त्यांना तिथून काढून दूर, नव्या शहरासाठी घेतलेल्या माळरानावर पाठवलं. तिथली जमीन भाटा, म्हणजे लाल मुरमाड, पाणी न धरणारी. लोकांना वाटलं ही शिक्षा. भाऊ मला फोन करून सांगायचे, "इथं काहीच येत नाही ताई! येवढी मजा येऊन राहिली!" सेवेची शेवटची वर्षं त्यांनी त्या मुरमाशी झगडण्यात घालवली. निवृत्तीनंतर कुणाच्या अंगणात दूब पिवळी पडली की बोलावणं यायचं. ते जायचे, पालथे पडायचे, आणि उत्तर देण्याआधी दहा प्रश्न विचारायचे.

परवा त्यांच्या घरी गेले होते. भाऊंना जाऊन महिना उलटला होता. दाराशी पायरीच्या कोपऱ्यात त्यांचे रबरी बूट तसेच होते, पावसात भिजत. वहिनींनी कुणाला हलवू दिले नाहीत. एका बुटाच्या टाचेत अडकलेल्या चिखलातून चार हिरव्या पात्या वर आल्या होत्या. वहिनी मला त्या दाखवत होत्या, आणि आम्हा दोघींचेही डोळे भरून आले होते. "पाहा ना मंदाताई, जाता जाता दूब ठेवून गेले." तेवढ्यात फाटक वाजलं. बिसाहिन आली होती, आता पांढऱ्या केसांची, काठी टेकत. ती खाली वाकली, बूट उचलून डोळ्यांजवळ नेला, पात्या बोटांत धरून पाहिल्या आणि मान हलवली. "ये ह दूबी नोहय दीदी. मोथा आय."

मोथा, म्हणजे नागरमोथा. हिरवळीतलं सगळ्यात चिवट तण, जे भाऊंनी जन्मभर जिथं दिसेल तिथं गाठीसकट उपटलं. मग वहिनींना हसू फुटलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हसत होत्या, पदर तोंडाला लावून, थांबतच नव्हत्या. बिसाहिनचा हात सवयीनं त्या पात्यांच्या मुळाशी गेला होता. वहिनींनी हसता हसताच तो धरला. "राहू दे वं बाई," त्या म्हणाल्या, "येवढा एक राहू दे." बिसाहिननं बूट परत पायरीवर ठेवला, पावसाचं पाणी पडेल असा, थोडा बाहेर सरकवून.