गाडी निघालीय

मला वाटलं होतं, गिऱ्हाइकांना उशिराचा राग येत असेल. इंग्लंडात सप्लाय चेन शिकताना आमच्या डोक्यात हेच भरवलं होतं: माल उशिरा येणार असेल तर खरी तारीख सांगा, माणूस समजून घेतो. शिकून सोलापूरला परत आले आणि गाड्यांच्या एका शोरूममध्ये डिलिव्हरी डेस्कवर बसले. महिन्याभरात कळलं की उशिराचा राग कुणालाच येत नाही. राग येतो तो खऱ्या तारखेचा.

आमच्याकडे गाडी बुक केली की ती कारखान्यात बनून यायला महिनेच्या महिने लागतात. यार्डात गाड्या नसल्या की किस्से साठतात. शिवाय गाडी आली की दुसऱ्या दिवशी हार घालून निघून जाते, किस्सा कुठे जात नाही. मैत्रिणींना सांगून सांगून हे आता बरे घोटले गेलेत, म्हणून लिहून ठेवते.

*

पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावर हिरेमठ होते. शोरूममधले सगळ्यात जुने सेल्समन, अक्कलकोटचे. दहा मिनिटांत त्यांना तीन फोन आले. अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाला ते कानडीत म्हणाले, "होंटैती." दुसऱ्याला, "निकल गयी भाई." तिसऱ्याला, "निघालीय." तीन भाषांत गाडी निघाली होती आणि कॉम्प्युटरवर तिन्ही गाड्या अजून बनायच्याच होत्या.

मी विचारलं, "हिरेमठसर, कुठून निघालीय?"

"म्याडम, हे तुम्ही विचारलं. गिऱ्हाईक कधी विचारत नाही."

"पण ते खोटं आहे."

"खोटं कसं? आपण म्हणतो पाऊस निघालाय, पाहुणे निघालेत. म्हणजे काय, येतील."

तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. जेवायला घरी येणार होते म्हणे. "निघालोय," हिरेमठ म्हणाले, आणि माझ्या डब्याचा दुसरा कप्पा उघडला.

*

मी एक पांढरा बोर्ड आणला. त्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाडी कुठल्या टप्प्यावर आहे आणि अंदाजे तारीख. मग सगळ्यांना स्वतः फोन केले. चाटी गल्लीतल्या एका कापडवाल्यांना सांगितलं, "तुमच्या गाडीला अजून एकोणीस आठवडे लागतील."

त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासात शोरूममध्ये हजर.

"हिरेमठसाहेब कुठायत?"

"माझ्याशी बोला ना, तुमची फाइल माझ्याकडे आहे."

"तुमच्याशी नाही बोलायचं. त्यांच्याकडे माझी गाडी निघालेली होती. तुम्ही ती माघारी पाठवली."

*

गाजूल अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी, आमच्याशी दोन्ही मिसळून. गाडी बुक केली त्याच आठवड्यात त्यांनी घरासमोर पत्र्याची शेड बांधली. दर शनिवारी त्या रिकाम्या शेडला लिंबू-मिरची बांधायचे. चार महिने झाले. गल्लीतले लोक विचारायला लागले. अण्णांनी गाडीचं कव्हर आधीच घेऊन ठेवलं होतं. एका रविवारी त्यांनी शेडमध्ये टॉवेलचे गठ्ठे रचले, पुढे जरा कमी, मध्ये जास्त, आणि वरून कव्हर घातलं. गल्लीत पेढे वाटले.

"कव्हर काढून दाखवा की," शेजारी म्हणाले.

"धूळ बसते," अण्णा म्हणाले.

खरी गाडी आली तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे रिबन, फुगे, फोटोची तयारी केली. अण्णांचा फोन आला. "म्याडम, फुगा नको, रिबन नको, टाळ्या तर अजिबात नको. पहाटे गुपचूप सोडा. आणि गठ्ठे उचलायला दोन माणसं पाठवा."

*

आमचे मॅनेजर जाधवसर. त्यांचा एकच धर्म, रजिस्टर. जे रजिस्टरात आहे ते झालं, जे नाही ते झालंच नाही. टेस्ट ड्राइव्हचं रजिस्टर वेगळं आहे: गिऱ्हाइकाचं नाव, मार्ग, कारण, आणि शेवटी "वेळ" असा रकाना. त्या रकान्यात "२० मिनिटे" याखेरीज काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

पाटीलकाका निवृत्त झाल्यावर त्यांनी ऑटोमॅटिक गाडी बुक केली. आमची टेस्ट ड्राइव्हची गाडीही ऑटोमॅटिक. काका दर रविवारी यायचे, म्हणायचे, "अजून खात्री पटत नाही हो." नियमाप्रमाणे काका चालवणार, शेजारी आमचा माणूस. मागे काकू पिशव्या घेऊन. मार्ग: शोरूम ते भाजी मंडई आणि परत. हिरेमठ शेजारी बसून मांडीवर कोथिंबीर धरायचे.

मी जाधवसरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाची खात्री पटेपर्यंत टेस्ट ड्राइव्ह द्यायची. कितीदा, किती लांब, असं कुठं लिहिलंय का? नोंद आहे ना?"

नोंद होती.

काकांची गाडी आली, थाटात नेली. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा दारात. मी म्हटलं, "काका, आता तर तुमची गाडी आहे."

"आहे की," काकू म्हणाल्या, "पण नव्या गाडीत मेथीचा वास बसतो."

*

माझी खरी तारीख शांतपणे ऐकून घेणारा एकच माणूस भेटला. माळशिरसकडचे महादू खरात. घरची शेती आणि दोनशे मेंढरं. सात सीटची गाडी बुक करून माझ्या टेबलाशी आले. मी म्हटलं, "एकोणीस-वीस आठवडे लागतील."

ते बोटं मोजत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पाच म्हयनं. मेंढीलाबी तेवढंच लागत्यात की. हुंद्या."

पाच महिन्यांनी, एकही फोन न करता, ते समोर उभे राहिले. "व्याली का?"

मी म्हटलं, "नाही हो, अजून थोडा उशीर दिसतोय."

"म्याडम, राग मानू नगा. पाच म्हयन्याच्या वर गेलं की आमी वाट बगत न्हाय. आदी हात लावून बगतो, गाभण हाय का न्हाय."

मला हसू आलं. ते गेल्यावर मी सहज कॉम्प्युटरवर त्यांचा ऑर्डर नंबर शोधला. नव्हता. ऑर्डर कारखान्याला गेलेलीच नव्हती. फॉर्म हिरेमठांच्या ड्रॉवरमध्ये निघाला.

"ओळखीचा माणूस," हिरेमठ म्हणाले, "म्हणून फॉर्म वेगळा ठेवला होता."

खरातांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता तरी नीट लावली न्हवं? मग हुंद्या."

*

त्या संध्याकाळी मी शोरूमभर भाषण दिलं. पारदर्शकता, जबाबदारी, गिऱ्हाइकाचा हक्क. हिरेमठ खाली मान घालून ऐकत होते. मग मी जाहीर केलं की यापुढे एकही ऑर्डर ड्रॉवरमध्ये राहणार नाही, अजून न गेलेल्या सगळ्या मी स्वतः भरणार. माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन एकटीने साठेक ऑर्डरी भरल्या. एकाखाली एक ओळी, सारखं असेल ते वरून खाली ओढायचं. काम सुबक झालं होतं. मी बोर्डाचा फोटोही काढला होता.

त्या साठात एक ऑर्डर कांबळेबाईंची होती.

कांबळेबाई आमच्याच बुधवार पेठेतल्या, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. मुख्याध्यापिकेची बढती त्यांना आधी एकदा आली होती, आणि शाळा एसटीच्या थांब्यापासून लांब म्हणून त्यांनी ती नाकारली होती. या वेळी नाकारायची नाही, असं ठरवून त्यांनी आदेश यायच्या आधीच जानेवारीत गाडी बुक केली. ऑटोमॅटिक, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. पुण्याच्या भावाच्या गाडीवर शिकून त्यांनी लायसन्सही काढलं होतं.

मी त्यांना जूनचा पहिला आठवडा सांगितला. त्या म्हणाल्या, "पोरी, नक्की सांग. मी तुझ्या भरवशावर होकार देणार आहे."

"नक्की, बाई."

मे महिन्यात आदेश निघाला. वैरागच्या पुढे आडरस्त्याला शाळा, जूनमधल्या एका सोमवारी रुजू व्हायचं. आणि बाईंची गाडीही कारखान्यातून निघाली. खरोखर निघाली. माझ्याकडे ट्रकचा नंबर होता. मी बाईंना फोन करून आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द वापरला, "बाई, निघालीय." हिरेमठांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "नारळ-लिंबू काही ठेवू नका हं. आम्ही गाडीजवळ मेणबत्ती लावून बुद्धवंदना घेणार आहोत. शेजारच्या चौघी येतायत."

ट्रक आला तो त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, दुपारी. गाड्या उतरवून तपासायचं काम मैनुद्दीनभाईंचं. पांढरी गाडी खाली आली, ते आत बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी काचेपाशी गेले.

"म्याडम," ते म्हणाले, "इसमें तो क्लच है."

मी आत जाऊन ऑर्डर उघडली. ऑटोमॅटिकच्या कोडच्या शेवटी ए असतो, साध्या गाडीच्या शेवटी एम. बाईंच्या वरच्या ओळीत एम होता. मी तोच खाली ओढला होता.

हिरेमठ मागे येऊन उभे होते. मला वाटलं, आता ते माझं भाषण मला ऐकवतील. ते हळू आवाजात म्हणाले, "बाईंचा फोन आला तर सांगा, निघालीय."

"पण आलीय की."

"ही आलीय. त्यांची कुठं आलीय?"

मी फोन केला नाही. घरी जाताना बाईंकडे गेले. दारात चौघींच्या चपला होत्या. टेबलावर पांढऱ्या मेणबत्त्या आणि फुलं मांडून ठेवलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चौघी एकेक करून आत चहा ठेवायला गेल्या.

बाईंनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी."

"किती अक्षरांची?"

"एका."

"एका अक्षराला मी अर्धा गुण कापते." त्या पायाशी पाहत राहिल्या. "नवीन कधी येईल?"

"आज लावली तर एकोणीस आठवडे."

"आणि रुजू उद्या व्हायचंय, दहा वाजता." त्या उठून मेणबत्त्या आवरायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी मला एक मेणबत्ती बांधून दिली. म्हणाल्या, "तुमच्या घरी लाव. आणलीय तर वाया कशाला."

*

सोमवारी सकाळी सातला मी बाईंना मेसेज केला: "साडेआठला लायसन्स घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबा. मी येते." मग शोरूमला गेले. मैनुद्दीनभाई यार्डाचं कुलूप उघडत होते, आत टेस्ट ड्राइव्हची ऑटोमॅटिक उभी होती. जाधवसर दहाशिवाय येत नाहीत.

मी टेस्ट ड्राइव्हचं रजिस्टर काढलं आणि नीट अक्षरात लिहिलं. गिऱ्हाईक: कांबळेबाई. शेजारी बसणार: मी स्वतः. मार्ग: सोलापूर ते वैरागच्या पुढची शाळा आणि परत. कारण: अजून खात्री पटलेली नाही. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग तोही भरला आणि सही केली.

मैनुद्दीनभाई माझ्या खांद्यावरून वाचत होते. एक बोट ओळीवरून सरकत सरकत शेवटच्या रकान्यात थांबलं. वर सगळीकडे वीस मिनिटे, वीस मिनिटे, वीस मिनिटे.

"म्याडम," ते म्हणाले, "टाइम में ये क्या लिखे? एकोणीस आठवडे?"

तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या. मागे गल्लीतला आवाज येत होता, चौघींपैकी कुणीतरी हसत होतं.

"निघालीस का गं?"

"निघालेय, बाई," मी म्हटलं.

किल्ली अजून खुंटीलाच होती.