राखणदाराच्या दगडावरचा वारा

परशुरामकाका तिर्लोटकर मला पहिल्यांदा भेटले ते मिठबावच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, हातात कोयता घेऊन. मी नुसती पवनचक्की बघायला गेलो होतो. त्यांनी आधी स्कूटरची डिकी उघडायला लावली, मग माझी पाण्याची बाटली हुंगली, आजोळ विचारलं, आजोळच्या शेजाऱ्यांची भांडणं विचारली, आणि माझी सावली जरा जास्तच लांब पडते आहे असं वाटून तिच्याभोवती एक फेरी मारली. थोडा वेळ मिळता तर सावलीची वेगळी जबानी झाली असती.

"कंपनीचो माणूस नाय मां तू?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटल्यावर संशय दुप्पट झाला. कंपनीचा माणूस दुसरं काय म्हणणार?

सड्यावर एक पवनचक्की फिरत होती आणि दुसरी कंपनीला काकांच्या कातळाच्या तुकड्यावर उभी करायची होती. जागा देईल त्याच्या घरातल्या एकाला तिथेच नोकरी मिळणार होती. काकांची एकुलती मुलगी चारुता कुडाळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, तिथेच खोली घेऊन राहायची. काकी गेल्यापासून काका एकट्यापुरती पेज शिजवत होते. चारुता घरी यावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण कंपनीवर विश्वास नव्हता आणि पवनचक्कीवर तर त्याहून नव्हता. काजूखाली बसून ते तिच्यावर नव्या सुनेवर ठेवावी तशी नजर ठेवत.

कंपनीच्या साहेबाने समजावलं की मंद वाऱ्यात पाती फिरत नाहीत, आणि वादळात मोडू नये म्हणून चक्की आपली आपण थांबते.

"थोडक्या वाऱ्यात उठणा नाय, वादळात भायर पडणा नाय," साहेब गेल्यावर काका मला म्हणाले. "ही पवनचक्की नाय, जावय आसा."

चारुताने पहिल्या चक्कीने वर्षभरात किती वीज दिली ते मोबाईलवर दाखवलं. ते आकडे मोबाईलमध्ये भरतो कोण, असं काकांनी विचारलं.

शेवटी राखणदाराला कौल लावायचं ठरलं. जागेचा राखणदार म्हणजे त्याच तुकड्यावर उघड्या कातळात बसलेला दगड. त्याला विचारायचं तर तिथेच. महादू गुरवाने भलंमोठं गाऱ्हाणं घातलं आणि दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण वारा असा सुटला होता की दोन्ही एकदमच उडाल्या आणि शेजारच्या सेबॅस्टियन पिंटोच्या दगडी गडग्यापलीकडे जाऊन पडल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. पलीकडे पहिल्या चक्कीची पाती गरगरा फिरत होती. काकांनी तिकडे असं पाहिलं की जणू तिनेच फुंकर मारली.

महादू म्हणाला, ताडपत्रीचा आडोसा करूया. ताडपत्री धरणारा कंपनीला फितूर असला तर, असं काका म्हणाले. मग वारा पडेल त्या दिवशी यायचं ठरलं.

वारा पडला. गवताची काडी हलेना. महादू पाकळ्या घेऊन बसला, चारुता रजा टाकून आली. काकांनी मान वर केली. पाती ठप्प.

"बगलंस? निजली," ते म्हणाले. "हिका मी जागा देवची?" आणि कौल न लावताच उठले.

पुढे हे असंच होत राहिलं. साहेब येऊन चहा पिऊन जायचा. एकदा काका असेच उठायला लागले तेव्हा चारुताने त्यांचा कोयता धरून ठेवला.

"बाबा, वारो आसा तेव्हा कौल रवणा नाय, वारो नाय तेव्हा तुमका चक्की नको. मग मी घराक येतलंय कधी?"

काकांनी तिच्या पिशवीत दोन नारळ घातले आणि तिला एसटीपर्यंत पोचवून आले.

त्यानंतर साहेब यायचा थांबला. यातही काहीतरी डाव असणार, असं काकांनी मला बजावलं.

दुसरी पवनचक्की सेबॅस्टियनच्या तुकड्यावर उभी राहिली. नोकरी त्याची पुतणी ॲश्लिन हिला लागली. चारुता अजून कुडाळलाच आहे.