बिनमिठाचं पिठलं

मधुवंतीबाईंना फोनवरचं खोटं ऐकू येतं, असं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बहुतेक मराठी घरांत बोललं जायचं. ही ख्याती पसरवली होती खुद्द बाईंनीच. टेलिफोन एक्सचेंजमध्ये वीस वर्षं ट्रंक कॉल जोडले, मग निवृत्त होईपर्यंत लोकांच्या तक्रारी ऐकल्या. माणूस ‘हॅलो’ कसं म्हणतो यावरून त्याच्या पोटात काय आहे ते कळतं, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. कुणाच्या मुलीला नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून फोन आला, की बाई हळहळायच्या, ‘मला ऐकवायला हवं होतं.’

चौसष्ट वर्षांच्या, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. दूधवाला, महानगरपालिका आणि मराठी मंडळाचे अध्यक्ष, या तिघांशी त्यांचं एकाच वेळी भांडण चालू असे. घराणं दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेलं. वडील संभाजीराव नोकरीला वीज खात्यात होते, रुबाब मात्र शेवटपर्यंत फौजेचाच. आई गेली तेव्हा बाई वीस वर्षांच्या आणि धाकटा भाऊ युवराज सहा वर्षांचा. स्वयंपाकघर आणि पोर, दोन्ही त्यांच्याकडे आलं. लग्न राहिलं ते राहिलंच. त्यात त्यागबिग काही नव्हता, असं त्या म्हणत. बघायला आलेले दोघंही बावळट होते.

युवराजचं लग्न झालं तशा त्या शिंदे की छावनीतल्या घरातून निघून बाडा चौकामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आल्या. भावजय निवेदिता आणि त्या एका छताखाली आठ दिवस टिकल्या नसत्या, हे दोघींनाही माहीत होतं. पण युवराजचा वाढदिवस पाडव्याच्या आसपास येई, आणि त्या दिवशी सकाळी सातला बाई औक्षणाचं तबक घेऊन दारात हजर. निवेदिता दात घासत दार उघडायची. चव्वेचाळीस वर्षं हा नेम एकदाही चुकला नव्हता. युवराजला तो कधी नकोसा होईल, ही शंका बाईंच्या मनाला शिवली नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या एप्रिलात युवराज पन्नास वर्षांचा व्हायचा होता. शहरात कर्फ्यू लागलेला, पडाव भागातलं त्याचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान बंद. शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

“ताई, आमची रिपोर्ट पॉझिटिव्ह आली. दोघांची. तू बिलकुल येऊ नकोस, चौदा दिवस घरात बंद राहायचंय.”

बाईंनी कान देऊन ऐकलं. आवाज दबलेला, थोडा घाबरा. खोटं त्यात काडीचं नव्हतं, अशी त्यांची खात्री झाली. येणार नाही, पण डबा आणून फाटकाला टांगीन, असं त्यांनी बजावलं. तो नको नको म्हणाला, बाहेरून मागवू म्हणाला. बाईंनी विचारलं, कर्फ्यूत तुला कोण आणून देणार, तुझा सासरा? आणि फोन ठेवला.

रविवारपासून डबा सुरू झाला. सकाळी साडेअकराला उन्हात पदर डोक्यावर घेऊन त्या पायी छावनीत जायच्या. वाटेत पोलीस काठी आडवी घालायचे, तेव्हा डबा त्यांच्या नाकासमोर धरून, भाऊ आजारी आहे, काठी मला नको दाखवूस, असं म्हणून पुढे व्हायच्या. फाटकाला कालचा डबा घासूनपुसून टांगलेला असे. तो काढायचा, आजचा अडकवायचा, बंद खिडकीकडे बघून दोनदा हाक मारायची. उत्तर येत नसे. आजारी माणसाला उठवत नाही, म्हणत त्या परत फिरत.

संध्याकाळी युवराज फोन करी. मागे सतत एक घरघर असायची, मध्येच वाढायची, मध्येच ओसरायची. बाईंनी विचारलं तर म्हणाला, कूलर आहे, जुना झालाय. एप्रिलात ग्वाल्हेरला घरोघर कूलर घरघरत असतात, बाईंना पटलं. समुद्र त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

पाडव्याला श्रीखंड-पुरी गेली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वाढदिवस. सकाळी सातला बाई तबक घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. गरम वाऱ्यात निरांजन विझू नये म्हणून एका हाताने आडोसा केला, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि युवराजला म्हणाल्या, खिडकीशी ये. तो म्हणाला, “आलोय ताई. पडद्याआडून बघतोय, दिसतेस मला.” समोरच्या ओट्यावरची माणसं बघत होती. बाईंनी रस्त्यावर उभं राहून बंद खिडकीला ओवाळलं, अक्षता फाटकावरून आत टाकल्या. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा त्यांना रागही आला. घरी येऊन त्यांनी दूधवाल्याला विनाकारण झाडलं.

गुरुवारी पिठलं-भात केला. दारात पालिकेची गाडी भोंगा वाजवत आली, तिच्याशी वाद घालण्यात मीठ राहून गेलं. हे कळलं डबा देऊन आल्यावर, स्वतः पहिला घास घेतला तेव्हा. संध्याकाळी फोन येताच त्या म्हणणार होत्या, आज माझ्या हातून चूक झाली, तेवढ्यात युवराजच म्हणाला, पिठलं एकदम झकास झालं होतं, दोघांनी बोटं चाटून खाल्लं.

बाईंनी घाईने फोन ठेवला. याची चव गेली. पेपरात रोज येत होतं, चव जाते, वास जातो, मग रोग छातीत उतरतो. याला कळलंसुद्धा नाही आणि आपण त्याला सांगायचं तरी कसं? त्यांनी पलंगाखालून सिलेंडर ओढून काढला. संभाजीरावांच्या शेवटच्या दुखण्यात घेतलेला ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर, महिन्यापूर्वीच त्यांनी दिवसभर रांगेत उभं राहून भरून आणला होता. आता शहरात रिकामासुद्धा मिळत नव्हता. फडक्याने पुसून त्यांनी तो दाराजवळ ठेवला, युवराजसाठी.

शुक्रवारी सकाळी समोरच्या घरातली लीला आली. तिचे यजमान रघुनाथराव चार दिवस तापात होते. तीस वर्षांचा शेजार, बाईंना दर दिवाळीला पहिला फराळ याच घरातून यायचा. लीला उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“मधुताई, ह्यांचा ऑक्सिजन सत्त्याऐंशीवर आलाय. हॉस्पिटलात खाट नाही म्हणतात. सिलेंडर दोन दिवस द्या.”

“युवराजची चव गेली आहे, लीला. उद्या त्यालाच लागला तर?”

“लागला तर मी स्वतः उचलून नेऊन देईन. त्याला आज नाही ना लागत. ह्यांना आज लागतोय.”

“नाही म्हणजे नाही.”

लीलाने सिलेंडरकडे पाहिलं. तो दाराजवळच होता, हात लांबवला तर लागेल इतका. ती परत गेली. बाईंनी दार लावलं. वाईट वाटलं नाही असं नाही, पण भाऊ तो भाऊ, असं त्यांनी स्वतःला ठणकावून सांगितलं आणि दिवसभर खिडकी उघडली नाही.

शनिवारी त्या डबा अडकवत होत्या, तेव्हा वरच्या सज्ज्यातून भाडेकरीण सोनिका वाकली. तिचं ब्यूटी पार्लर महिनाभर बंद पडलेलं. ती संकोचाने हसून म्हणाली, “बुआजी, बुरा मत मानना, परसों वाले बेसन में नमक नहीं था. मैंने ऊपर से डाल के खाया.”

बाईंना आधी वाटलं, आजाऱ्यांचं उरलंसुरलं ही खाते. त्या तिला झापणार होत्या. पण सोनिका खाली आली, फाटकाशी उभी राहून भडाभडा बोलली. भैया म्हणाले होते, माझं पार्लर बंद, म्हणून तुम्हाला दया आली, तुम्ही माझ्यासाठी डबा पाठवताय. मी रोज दुवा देते, डब्यात काय आलं ते भैयांना फोनवर सांगते. बाईंनी विचारलं, युवराज कुठे आहे?

“वो लोग तो गोवा गए हैं ना, कलंगुट. भाभी ने स्टेटस डाला है.”

तिने फोन जाळीतून पुढे धरला. युवराज. फुलाफुलांचा शर्ट, मास्क हनुवटीखाली, गुडघाभर पाण्यात. मागे पडावच्या स्टँडावर असते तेवढी गर्दी, त्यातच शिट्टी फुंकणारा पोलीस. पुढच्या फोटोत हॉटेलची खोली, केक, निवेदिता त्याला भरवतेय. हसत हसत सोनिका म्हणाली, मास्कवरून भैयाला तिकडे दंडसुद्धा झाला. मग बाईंचा चेहरा बघून तिने फोन मागे घेतला. आणि बुधवारी तुम्ही ओवाळत होतात ना, ती हळूच पुढे म्हणाली, मला वाटलं तुम्हा लोकांत घराची आरती करतात.

बाईंनी तिथूनच परतीची वाट धरली. बाड्यापर्यंत त्या निवेदितेला शिव्या देत होत्या, कारण ते सोपं होतं. घराच्या गल्लीत वळल्या आणि लीला आठवली. त्यांनी धावत जाऊन सिलेंडर उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरून गल्ली ओलांडली. लीलाच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, रात्रीच नेलं, कुठल्याशा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जमिनीवर जागा मिळाली आहे. बाई तशाच उन्हात सिलेंडर घेऊन पायरीवर बसल्या.

सोमवारी रघुनाथराव गेले. डॉक्टरांनी म्हणे सांगितलं की छोट्या सिलेंडरने फार फरक पडला नसता. हे बाईंना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. लीलाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाई दारात गेल्या तेव्हा तिने जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच म्हणाली, “ज्याच्यासाठी ठेवला होता त्याला द्या.” बाई गल्ली ओलांडून परत आल्या.

युवराज आठवड्याने आला. नाकाची साल निघालेली, हातात काजूची पिशवी. निवेदिता गाडीतच बसून राहिली. सोनिकाने सगळं सांगितलंय, हे त्याला कळलं होतं, म्हणून तो खुलासा पाठ करून आला होता. दुकान बंद, डोकं पिकलेलं, एक वाढदिवस तरी दोघांनीच कुठे जावं असं वाटलं. खरं सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. कर्फ्यू मोडून सातला दारात आली असतीस. आम्हाला वाटलं, एवढ्यानेच तू थांबशील.

“ताई, चुकलं माझं. पण त्यात कोणाचं काही बिघडलं तर नाही ना? रघुनाथकाकांचं माहीत पडलं, फार बुरं झालं.”

सिलेंडरचं त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलंही नाही. तो येणार हे त्यांना सकाळी फोनवर कळलं होतं, आणि त्यांनी पिठलं करून ठेवलं होतं. या वेळी मीठ जाणूनबुजून घातलं नव्हतं. फळीवर तबकही तयार होतं, निरांजनात वात घातलेली. त्यांनी मनाशी ठरवलं होतं: पहिल्या घासाला हा मीठ नाही म्हणाला, तर याला सगळं सांगायचं, याच्यासमोर रडायचं आणि मग ओवाळायचं. सहाव्या वर्षापासून वाढवलेलं पोर, एवढं एक खरं बोललं तरी पुरे होतं.

त्यांनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. युवराजने घास घेतला. चावताना क्षणभर थांबला, त्यांच्याकडे पाहिलं, गिळला.

“कसं झालंय?”

“एकदम झकास, ताई. तुझ्या हाताची गोष्टच अलग.”

बाई ऐकत होत्या. तोच गोड, मोकळा आवाज. खोटं आहे हे ठाऊक असूनही त्यांना त्यात काही ऐकू आलं नाही, आणि आयुष्यभर कधीच आलं नसेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

“मीठ नाहीये त्यात.”

तो कसंनुसं हसला. थोडं कमी वाटलं होतं, म्हणाला, पण तुझं मन दुखेल म्हणून बोललो नाही.

“गुरुवारी पण नव्हतं,” बाई म्हणाल्या. “तू झकास म्हणालास. मला वाटलं तुझी चव गेली. दुसऱ्या दिवशी लीला दारात उभी होती, नवऱ्यासाठी सिलेंडर मागायला. मी तिला नाही म्हटलं, युवराज. तो तुझ्यासाठी राखून ठेवला होता.”

युवराजचा हात ताटात तसाच राहिला. काजूची पिशवी त्याच्या गुडघ्यावरून घसरून खाली पडली. तो उठायला लागला, ताई, ताई म्हणू लागला. बाईंनी फळीवरून तबक काढलं, निरांजनातली वात चिमटीने उचलली आणि परत वातींच्या डब्यात टाकली.

“बस. झकास आहे ना? सगळं संपव. मग जा.”

तो बसला. एकेक घास करून त्याने ते पिठलं आणि भात संपवला. बाई शेवटपर्यंत समोर बसून होत्या. मिठाची बरणी हाताशी होती, ती त्याने मागितली नाही आणि बाईंनी दिली नाही. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी ते उचललं, काजूची पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि तो बाहेर पडताच दाराला कडी लावली.