मायचं सीतादही

हृदयाबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी आर्ट्‌सचा विद्यार्थी, घरातून कॉलेजात पोचलेला पहिलाच. जाणकारांनी माफ करावं. पण दवाखान्यात मायजवळ मीच होतो, म्हणून लिहितो.

मायची नाडी अधूनमधून बेताल धावायची. बोंडअळीनं आमच्या आर्णीकडचा कापूस पोखरला त्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला: मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयात न्यायची आणि बिघाड करणारी जागा जाळायची. मी यवतमाळच्या कॉलेजातून पुस्तकं घेऊन तिच्यासोबत गेलो. दादा आणि त्याची बायको कापसाच्या वेचणीसाठी गावीच थांबले.

काम नीट झालं, नाडी ताळ्यावर आली. माय डोळे उघडून म्हणाली, "दादा आला काय?"

"मी आहो ना, माय."

"तू त आहेच. तो येळेवर जेवून राह्यला काय?"

तिला पेज मी भरवत होतो, केस मी विंचरत होतो. विचारपूस मात्र दादाची.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, तो मी स्पीकरवर मायजवळ धरला. "वहिनी, तुमच्या सुनेनं काय झकास सीतादही केलं! तुमची आठवनबी नाही आली कोनाले." ती हसत होती. पहिल्या वेचणीआधी घरच्या बाईनं पऱ्हाटीची म्हणजे कापसाच्या झाडाची पूजा करून दहीभात शिंपडायचा, ते सीतादही. लग्न झाल्यापासून आमच्या वावरात ते मायनंच केलं होतं. आजारी माणसाला काही सांगायचं नाही, या आमच्या रीतीनं दादा गप्प राहिला होता. "बरं झालं," म्हणून माय भिंतीकडे वळली.

थोड्याच वेळात तिच्या छातीत कळ आली, दम लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, पण हृदयाचं खालचं टोक आकुंचन पावत नाही. ताणानं असं होतं. बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतं. मनाला काही लागलं का?"

मी फोनचं सांगितलं. ते म्हणाले, ताण त्या तारेच्या उपचाराचाही असू शकतो, नक्की सांगता येत नाही.

मला मात्र नक्की वाटलं की हे सीतादह्याचंच, आणि त्या सीतादह्याचाही हेवा वाटला. मी घर सोडून कॉलेजात गेलो तेव्हा तिची नाडीसुद्धा चुकली नव्हती.

दादा धावत आला. "माय, धुऱ्याकडची ओळ तुह्यासाठी ठेवली. कोनी हात नाही लावला." वावराच्या बांधालगतची ती ओळ त्यानं न वेचता सोडली होती.

"अळी खाईन ना रे, येड्या," म्हणत तिनं त्याचा हात धरला, आणि ती सोडेचना. मी औषधं आणायला खाली गेलो.

औषधं देऊन तिला घरी सोडलं. हृदय सावरलं की नाही, ते पुढच्या तपासणीत कळणार होतं, आणि ती यवतमाळलाच व्हायची होती. मी कॉलेजात परतून रोज घरच्या फोनची वाट पाहत होतो. शेवटी बसस्टँडवर गावचा एक काका भेटला.

"तुह्या मायचं हृदय पहिल्यासारखं झालं म्हन्ते डॉक्टर. परवा दादासंगं इथंच येऊन गेली. आता वावरात हाये, धुऱ्याकडच्या ओळीत. तुले नाही सांगतलं? तुही परीक्षा होती ना, मायनंच नाही म्हनलं."