डाव्या हाताचा घास

दादा डाव्या हाताने जेवायला लागला तेव्हा मी आधी हसले. रविवारची उपासना आटोपून आम्ही नेहमीप्रमाणे त्याच्याकडे, चिखलीच्या घरी जेवायला बसलो होतो. वहिनीने मटणाचा रस्सा केला होता. कुणी डाव्या हाताने पाणी दिलं तरी डोळे वटारणारा माझा मोठा भाऊ डाव्या हाताने भाकरी मोडायची खटपट करत होता. भाकरी मोडेना. रस्सा मनगटावरून ओघळत होता.

"काय रे, उजव्याला सुट्टी दिलीस का?" मी म्हटलं.

तो हसला नाही. वहिनीने नजरेनेच मला गप्प राहायला सांगितलं. गप्प राहणं मला जमत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दुपारी जमलं.

मग भांडी घासताना ती म्हणाली, "आजचं नाही हे, ताई. आठवडा झाला. दात डाव्या हाताने घासतात. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावत आरशासमोर उभे राहतात. परवा मी लावून द्यायला गेले तर हात झटकला. म्हणाले, मला शिकायचंय."

"कशासाठी शिकायचंय?"

"तेच तर सांगत नाहीत."

सांगायची गरज नव्हती खरं तर. थोडं डोकं चालवलं असतं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दादा चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपचा सुपरवायझर आहे. पत्रा दाबून त्याचे गाड्यांचे पार्ट करणारी मोठाली मशिनं तिथे असतात. त्या मशिनला दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा जबडा खाली येतो, म्हणजे त्या वेळी माणसाचे दोन्ही हात बाहेर असतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून एक बटण कायमचं दाबून त्याच्यावर सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधतात. मग एक हात बटणावर, दुसरा पार्ट ठेवायला मोकळा. हे गैर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि टार्गेटही सगळ्यांना ठाऊक असतं. दादाच्या लाइनवरची ट्यूब दादाने स्वतः बांधली होती.

त्या मशिनवर बीडकडचा एक तरुण ऑपरेटर होता, नुकतंच लग्न झालेला. पार्ट वाकडा बसला म्हणून सरळ करायला त्याने उजवा हात आत घातला आणि डावा सवयीने बटणावर पडला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

कंपनीने चौकशी केली आणि ऑपरेटर बेसावध होता असं ठरवून टाकलं. दादाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट पाठीवर हात ठेवून, "होतं राव असं, मनाला लावून घेऊ नका," म्हणाले. मला विचाराल तर तिथेच घात झाला. कुणी चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या तर तो रडून मोकळा झाला असता. कुणीच शिक्षा करेना, तेव्हा त्याने ते काम देवाकडे सोपवलं.

आणि नेमके त्याच दिवसांत आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक आले. आमचं प्रार्थनास्थळ म्हणजे चिखलीतल्या एका वर्कशॉपच्या वरचा हॉल. खाली लहानशी प्रेस आहे, ती रविवारीही चालते. उपदेशाच्या मध्येच धप्प असा आवाज येतो आणि पायाखालची फरशी हलते. आम्हाला सवय झाली आहे. नव्या पाळकांनी पहिल्याच उपदेशात सांगितलं, देव पापाचा द्वेष करतो पण पापी माणसावर प्रेम करतो, हे वाक्य आपण आपल्या सोयीसाठी तयार केलेलं आहे. पाप काही झाडाला लागत नाही, ते कुणीतरी करतं. बायबलातल्या स्तोत्रांत देव पाप करणाऱ्याचाच द्वेष करतो, नुसत्या कृत्याचा नाही.

"नरकात कोण जाणार?" त्यांनी विचारलं. "पाप, की पापी?"

खालून धप्प झालं. पलीकडे पुरुषांच्या बाजूला दादा बसला होता. त्याने उजवा हात मांडीखाली घेतला. अवघडला असेल, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. मी शाळेत शिकवते आणि रविवारी मंडळीतल्या मुलांनाही शिकवते, म्हणून शास्त्राचं काही अडलं की तो मला विचारतो.

"तायडे, ते वाक्य तू पोरांना शिकवतेस. कुठे लिहिलंय ते दाखव."

मी शोधायला बसले. प्रेमाबद्दल पानंच्या पानं सापडली. पापी माणसांच्या पंगतीला बसून जेवणारा प्रभू सापडला. आपण पापी असतानाच त्याने जीव दिला, हेही सापडलं. पण ते सुटसुटीत वाक्य, इतकी वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलेलं, कुठेच सापडलं नाही.

"हे सगळं पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी आहे," दादा म्हणाला.

"मग कर की पश्चात्ताप."

"रोज करतो. ओझं उतरत नाही." मग त्याने विचारलं, "आणि हाताबद्दल काय सांगितलंय?"

हात पापाला कारण झाला तर तो तोडून टाकावा, धड शरीराने नरकात जाण्यापेक्षा थोटं होऊन जगलेलं बरं. आमच्यातल्या लहान पोरालाही हे वचन ठाऊक असतं. मी वर्गात ते पान पटकन उलटते, कारण पोरं घाबरतात.

"ते शब्दशः घ्यायचं नसतं, दादा."

"द्वेषाचं शब्दशः घ्यायचं, आणि हे नाही?"

मी बायबल मिटलं. त्यानंतरच्या रविवारी तो डाव्या हाताने जेवला.

हे सगळं मी वहिनीला भांडी घासता घासता सांगितलं. तिने हात पुसले, आत गेली आणि दादाच्या पँटच्या खिशातून काढलेली एक वस्तू घेऊन आली. सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, ग्रीसने काळी झालेली. धुवायला घेताना तिला सापडली होती आणि ती काय आहे हे तिला कळलं नव्हतं. मला कळलं. मी मोरीच्या काठावरच बसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाळकांकडे गेले. वाटेत त्यांना सुनावायची वाक्यं जुळवत होते. पण दार पाळकांनीच उघडलं, आणि जवळून ते अगदी किडकिडीत, पोरसवदा दिसले. माझा सलाम घेऊन त्यांनी स्वतः चहा टाकला, त्यामुळे माझी अर्धी वाक्यं वाया गेली. उरलेली त्यांनी ऐकून घेतली.

"ताई, लोकांना गोड बोलून झोपवायचं का मी?"

"नका झोपवू. पण ज्याला आधीच झोप नाही त्याला काय सांगाल?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "द्वेष लिहिलाय आणि प्रेमही लिहिलंय. दोन्ही एकाच देवाचं. ते एकत्र कसं बसतं हे मलाही पुरतं कळलेलं नाही."

"मग तेवढं तरी सांगा लोकांना. मला कळत नाही म्हणून सांगा."

"येत्या रविवारी सांगतो."

रविवार लांब होता. मी ट्यूब पर्समध्ये घातली आणि दादाची कंपनीची बस जिथे थांबते तिथे जाऊन उभी राहिले. तो उतरला. डबा डाव्या हातात होता, उजवा खिशात. मी सरळ ट्यूब त्याच्यापुढे धरली.

"हे कशाला जवळ ठेवतोस?"

"आठवण म्हणून."

"आणि डाव्या हाताने जेवतोस ते?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्याची बोटं माझ्या हाताने गेली, तायडे. आणि माझा हात बघ, धडधाकट. देवाला दिसतंय ते. मी घास उचलतो ना, तेव्हा तो माझ्या हाताकडे बघत असतो."

माझा तोल गेला. भीती वाटली की मला राग येतो, माझा स्वभावच तसा आहे. "देवाचं मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण ज्याचा हात गेला तो तुझा द्वेष करतो का, ते त्याला विचारलंस? एकदा तरी गेलास?"

"त्याच्यासमोर जायची ताकद नाही माझ्यात."

"आणि मशिनसमोर जायची आहे?"

त्याने हात पुढे केला, डावाच, आणि ट्यूब मागितली. मी ती मुठीत घट्ट धरली. "राहू दे," तो म्हणाला. "कंपनीत पुष्कळ पडल्यात."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. वर्गात फळ्यावर लिहिताना फोन वाजला की खडू हातातून सुटायचा. वहिनीला मी त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, पण कंपनीत कोण लक्ष ठेवणार? दिवसाचे नऊ तास तो त्या मशिनांमध्ये असायचा आणि संध्याकाळी दोन्ही हातांनिशी घरी यायचा. वहिनी मला फोन करून तेवढंच सांगायची. "आले." मग आम्ही दोघी फोन ठेवायचो.

रविवारी मी हॉलमध्ये शिरले आणि पुरुषांच्या बाजूला पाहिलं. दादाची जागा रिकामी होती. वहिनी डोक्यावरचा पदर सावरत माझ्याशेजारी येऊन बसली. "ओव्हरटाइमला गेलेत," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने माझं मनगट धरलं. आमच्या घरात रविवारी कुणी कधी कामावर गेलेलं नाही. वडिलांनी त्यापायी एक नोकरी सोडली होती.

पाळक दिलेला शब्द पाळत होते. द्वेष आणि प्रेम एकत्र कसं बसतं हे मलाही कळत नाही, अशीच त्यांनी उपदेशाला सुरुवात केली होती. खालची प्रेस धप्प धप्प करत होती. मी उठले, सगळ्या मंडळीसमोर मधल्या वाटेने चालत गेले आणि खाली येऊन स्कूटर काढली. दादाचा फोन बंद होता. मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढताना मी देवाशी भांडत होते. तुला द्वेष करायचा असेल तर कर, पण त्याचा हात त्याच्याजवळ राहू दे, असं काहीतरी मोठ्याने बोलत होते.

कंपनीच्या फाटकावर बीडकडचाच एक म्हातारा वॉचमन होता. "व्हय, आले व्हते की," तो म्हणाला. "आज लाइन बंद हाय म्हनलं, तर म्हनाले, मशीन बघायचंय. मी संगं गेलो. नुसतेच हुबे ऱ्हायले मशिनपुढं. येक हात आत घातला, येक बटनावर ठिवला. म्या म्हनलं, सायेब, मेन स्विच बंद हाय, काय हुनार न्हाई."

"मग?"

"मंग हसले. आन् इचारलं, त्यो बीडचा पोरगा ऱ्हातो कुठं. थेरगावात, डांगे चौकाच्या मागं, त्याच्या मेव्हन्याच्या खोलीवर, म्हनून सांगितलं. बाई, तुमी का रडताय?"

थेरगावला पोहोचेपर्यंत माझ्या मनात नको ते येत राहिलं. मशीन चालू झालं नाही, आता तो त्या माणसाच्या हाती स्वतःला सोपवेल. तो तरुण विळा घेऊन समोर आला तर दादा हात पुढे करून उभा राहील, याबद्दल मला शंका नव्हती.

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर दादाचे बूट होते. आत भिंतीला टेकून तो तरुण बसला होता, उजवा हात बँडेजमध्ये, अंगातल्या शर्टाची बटणं अर्धी लागलेली. दादा त्याच्यासमोर मांडी घालून स्वतःच्या शर्टावर दाखवत होता. "आधी काज ओढून घ्यायचं, बटण नाही. मग अंगठ्याने मागून ढकलायचं." तरुणाने डाव्या हाताने केलं, बटण निसटलं. "परत," दादा म्हणाला.

मी दारातच उभी राहिले. तरुणाच्या बायकोने मला आत घेतलं. दादाने सगळं सांगितलं होतं, ट्यूबचंही.

"ट्यूब कुनी बांधली ते मला म्हाईतच व्हतं," तरुण मला म्हणाला. "म्या बघितलं व्हतं."

"राग नाही आला?"

"हाय ना राग. लई हाय. ह्येंना दारात बघितलं तवा वाटलं, वरवंटा घालावा डोक्यात." त्याने पुन्हा बटण धरलं. "पर मला बटन लावता येईना. बायकूनं किती दिस लावायचं? ह्येंना येतंय."

त्याच्या बायकोने ताटं वाढली. भाकरी, पिठलं, कांदा. त्याने डावा हात पुढे केला. दादानेही डावा हात पुढे केला. तरुण थांबला आणि दादाच्या हाताकडे बघत राहिला.

"तुमी उजव्यानं जेवा," तो म्हणाला. "तुमचा हाय ना."

दादाने मांडीखालून उजवा हात काढला. तो ताटापर्यंत आला आणि तिथेच राहिला. समोरच्या तरुणाची भाकरी डाव्या हाताने मोडत नव्हती, ताटात नुसती सरकत होती. मग दादाने हात पुढे नेला, त्याच्या ताटातली भाकरी मोडली आणि तुकडा त्याच्या डाव्या हातात ठेवला. तो त्याने घेतला. तोंडात घालण्याआधी म्हणाला, "माफ केलं म्हनून समजू नका. उद्या या."