दाजींची टिबुकली

एका चिमुकल्या पाखराच्या जोरावर सासरवाडीत एवढा मान मिळवलेला जावई अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. तो जावई म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणे. मी तेव्हा नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर होतो, टेरिकॉटची पँट घालत होतो आणि सासरवाडीला येताना ट्रान्झिस्टर आणत होतो. तो लावून ओट्यावर बसलो की घर भोवती जमायचं. मग दाजी यायचे, चिखलाचे पाय धुता धुता "आज दोगंबी मिळून वरडत हुते" एवढंच म्हणायचे, आणि सासूबाई मला सांगायच्या, "जावईबापू, ते बंद करा जरा." माझ्या पोटात दुखायचं ते तिथून.

दाजी सासरवाडीच्याच गावात, कोल्हारच्या बाजूला, कालव्यावर पाटकरी होते. पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडायचं, चारीची दारं उघडायची, लावायची, हे त्यांचं काम. शेवटच्या चारीखाली पाझरून पाझरून एक तळं साचलं होतं, कडेनं पाणकणसं माजलेली, आणि त्यात टिबुकल्यांची एक जोडी. टिबुकली म्हणजे कबुतराहून लहान, गोलमटोल, शेपूटच नसलेलं पाखरू. पावसाळ्यात गळा तांबूस होतो आणि चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका उठतो. पाय इतके मागे, की जमिनीवर चालताना धड दोन पावलं टाकता येत नाहीत. पाण्यात मात्र आत्ता आहे म्हणेपर्यंत बुडालेली असते आणि भलतीकडेच वर येते. यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे, ते मला वर्षभर कळलं नाही. दाजींनी मात्र तिच्यासाठी पांढरे कपडे सोडले. पांढऱ्याला ती बुजते म्हणून थोरल्या मेहुणीच्या डोळ्यांदेखत नवंकोरं धोतर बाभळीच्या सालीच्या रंगात बुडवून काढलं. "ती आपलीच पिसं खाती. माशाचा काटा आत टोचू नी म्हनून," असं ते जेवताना सांगायचे आणि सगळं घर घास हातात धरून ऐकायचं.

त्यांची सगळ्यात विचित्र खोड म्हणजे टिबुकली बुडाली की हेही श्वास रोखायचे. ती वर आली की सोडायचे. धाकट्या मेहुणीला बघायला पुणतांब्याची मंडळी आली होती, तेव्हा बोलणी करत करत सगळे तळ्याच्या बांधापर्यंत गेले. मुलाच्या चुलत्यांनी दाजींना विचारलं, "मान-पानाचं कसं करायचं म्हनता?" नेमकी तेव्हाच टिबुकली बुडाली. दाजी गाल फुगवून, डोळे पाण्यावर लावून गप्प. चुलते वाट बघतायत, सासरे घाम पुसतायत. बऱ्याच वेळानं दाजींनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "व्हईल सगळं." परत जाताना चुलते सासऱ्यांना म्हणाले, "थोरलं जावई तोलून बोलत्यात. अशी मान्सं ऱ्हायली न्हाईत." लग्न जमलं. त्या दिवशी मी तिथे दोन तास शहाणपणाचं बोलत होतो, ते कुणाला आठवतसुद्धा नाही.

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. पंचमीला माहेरी आलेल्या बायकोला न्यायला मी गेलो, तर ती म्हणाली, "एवढ्यात नको. टिबुकलीनं अंडी घातलीत. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात म्हणे, दाजी दाखवणार आहेत." माझा अगदी जळफळाट झाला. एकदा, निदान एकदा तरी दाजींच्या आधी मला काही दिसावं आणि मी ते बायकोला सांगावं, एवढंच मला हवं होतं. दुपारी दाजी वरच्या चारीला गेलेले बघून मी तळ्यात उतरलो. छातीइतक्या पाण्यातून पाणकणसांपर्यंत पोचलो. टिबुकलीनं मला आधीच पाहिलं असणार. चोचीनं भराभर काहीतरी ओढलं आणि बुडाली. तिथे नुसता कुजक्या शेवाळ-पानांचा तरंगता ढीग. हात घातला तर आत ऊब लागली आणि चार मळकट अंडी. पिल्लं नव्हतीच. पण लेथवरचा लोखंडाचा कीस झटकायची हाताला सवय. अंड्यांवरची ती घाण मी नीट निवडून काढली, पाण्यात फेकली आणि चारी अंडी कशी लख्ख उघडी करून ठेवली. तेवढ्यात बांधावर कुणाचीशी बैलगाडी वाजली, म्हणून मी पळालो.

दुसऱ्या दिवशी दाजी आले ते पाय न धुता ओट्यावर बसले. "कावळ्यांनी नेली," म्हणाले. "चारीच्या चारी."

"पन ती झाकून जाती म्हनत हुता ना तुमी?" सासूबाईंनी विचारलं.

दाजींनी वर पाहिलं. समोर दोरीवर माझी पँट वाळत होती, एका पायाला हिरवं शेवाळ चिकटलेली. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नवीन हाय पाखरू. इसरलं आसंल झाकायला. घालंल परत." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही जेवलो नाही, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.

पुढे पित्राच्या जेवणाला बायको आणि मी गेलो. दारात पाय टेकतो न टेकतो तोच दाजींनी मला दंडाला धरून तळ्यावर नेलं. बांधावर बसवलं आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून बसले. "बगा तुमी, पाव्हनं. मी चारीकडं ध्यान ठिवतो."

थोड्या वेळानं पाणकणसांतून टिबुकली बाहेर आली. तिच्या पंखाखालून दोन पट्ट्यापट्ट्यांची डोकी वर आली. मी ओरडलो, "दाजी, बघा, पाठीवर आहेत!"

"किती?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"दोन. नाही, तीन!"

घरी येताच दाजींनी जाहीर केलं, "पाव्हन्यांनी पयल्यांदा बगितली." सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, बायको डोळे मोठे करून समोर बसली. थोरली मेहुणी खीर वाढताना हळूच म्हणाली, "अंडी फुटायला आली तसं चार दिवस झाले, तळ्याकडं फिरकले न्हाईत हे. तुमी यायची वाट बगत हुते." सगळ्यांदेखत खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. सांगता आलं नाही, पुढेही कधी नाही. "सांगा ना, कशी दिसली?" बायकोनं विचारलं, तेव्हा मी सांगायला लागलो. दाजी पुढे सरकून ऐकत होते, जन्मात कधी टिबुकली पाहिलीच नसल्यासारखे.