दिवे लागले, लाइन नाही
नव्या प्लास्टिकचा वास आला की सुरगाण्याची ती शाळा आठवते. राउटर आणि स्विच बसवून मी दहा संगणक जोडले होते. एकाची हाक दुसऱ्याला पोचत होती, हिरवे दिवे लुकलुकत होते, पण बाहेरून इंटरनेटची लाइन आलीच नव्हती. नर्सिंगचा फॉर्म भरायला एक मुलगी थांबली होती. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. “दादा, आता रेंजसाठी डोंगरावर नाय ना जायचं?” तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “दिवे लागले ना? लिही, नेटवर्क सुरू.” “साहेब, ही घरातल्या घरात मारलेली हाक आहे!” “मग? कामाच्या कागदावर नेटवर्कच लिहिलंय, इंटरनेट कुठाय?” मी ‘नेटवर्क सुरू’ लिहून सही केली. ती मुलगी डोंगर चढली, रेंज मिळेपर्यंत पाच वाजून गेले. आज असल्या खोट्या कामांविरुद्ध मी पत्रकं वाटतो. तिच्या हातात एकही द्यायची हिंमत नाही.